मोनाचा पिवळा पट्टा

कळंब्याच्या शाळेच्या मैदानावर बायकांचा कराटे क्लास भरायचा. नवी बाई आली की प्रसेनजीत सर तिला आधी सरुबाईकडं धाडायचे.

"नखं काढून यायचं," सरुबाई सांगायची. "बांगड्या घरात ठिवायच्या, मनगटाला देवीचा दोरा बांधायचा, म्हंजे हात रिकामा वाटत न्हाय. आन् पोटभर खाऊन यायचं न्हाय. मी दोन भाकरी खाऊन आलतो, तिसऱ्या फेरीला त्या आंब्याखाली वकलो. आन् वाकायला लाजू नगंस."

शेवटची गोष्ट शिकायला तिचे स्वतःचे तीन दिवस गेले होते.

ते साल नव्व्याण्णव. सरुबाई घरची थोरली सून. धाकटी जाऊ मोना, कागलची. क्लासला आधी गेली ती मोनाच. चार महिन्यांत परीक्षा देऊन पिवळा पट्टा घेऊन आली. सासूबाई बाळाबाईंनी तो देवापुढं ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं. क्लासपुरता मोना तो कमरेला बांधायची, आली की पुन्हा देवापुढं. सतरा वर्षं त्या देवघरातली भांडी सरुबाई घासत होती. तिचं म्हणून काही कधी देवापुढं गेलं नव्हतं. सकाळी दिवा लावायला बसली की आधी तो पट्टाच दिसायचा, आणि हात जोडलेले असतानाच ती मनात जळायची.

भाजी अळणी झाली की बाळाबाई सरुबाईला बोलायच्या. मोनाला मात्र, "दमली आसशील गं बाय, बस जरा."

शेवटी सरुबाईनंही नाव घातलं. पहिल्या दिवशी ओकून, तोंड धुऊन ती आली आणि थेट पहिल्या रांगेत उभी राहिली. कुठलंही कार्य असो, थोरली पुढं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"ताई, पांढरा पट्टा मागं," सर म्हणाले. "हितं वय बघत न्हाईत."

मागं गेली, तर पुढच्यांना वाकून नमस्कार करायचा निघाला. आणि नेमकी समोर मोना.

"हिला?" सरुबाई ओरडलीच. "हिची वटी भरून हिला उंबऱ्यातनं आत मी घेतलीया!"

बायका खो खो हसल्या. मोना लाजून चूर झाली.

"मग बसा बघत," सर म्हणाले. "वाकल्याबिगर ठोसा शिकवत न्हाय मी."

तीन दिवस ती आंब्याखाली बसून बघत राहिली. मोनानं ठोसा मारला की बाहीचा फट्कन आवाज यायचा. तो प्रत्येक आवाज सरुबाईच्या छातीत बसायचा. उठून घरी जावं असं रोज वाटायचं, पण घरी तरी काय, तोच पट्टा देवापुढं.

चौथ्या दिवशी पहाटे दिवा लावताना तिनं अंबाबाईला सरळच सांगितलं, "आई, हिचं वाईट व्हावं आसं मी म्हणत न्हाय. पण मलाबी पायजे."

क्लासला गेली, शेवटच्या रांगेत उभी राहिली, दात आवळले आणि मोनापुढं वाकली.

मोनाला काही ते सोसलं नाही. आठ वर्षं दर सणाला थोरलीच्या पाया पडायची सवय. रांग सोडून ती पळत आली आणि सरुबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मोना!" सर कडाडले. "हितं पाया पडायचं न्हाय!"

"थोरल्या हाईत की वो त्या!"

सरुबाईचा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला. तोंडातून "सौभाग्यवती हो" निघूनही गेलं. मग तिनं खाली पाहिलं. पिवळ्या पट्ट्याचं टोक तिच्या अंगठ्यावर पडलं होतं. तिनं पाय हलवला नाही. घटकाभर तसाच राहू दिला.

"ऊठ की आता," ती म्हणाली. "आन् ठोसा कसा मारायचा त्यो दाव. मला चार म्हैनं लागायचं न्हाईत, सांगून ठिवतो."