पाव चमच्याची दुरुस्ती

धाराशिव जिल्ह्यात कुठंही शेळी शिंकली, तर ती माझ्या बायकोच्या मामांना मुरूम गावात बसून ऐकू जाते, असं माझं प्रामाणिक मत आहे. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून मामांनी उभी हयात काढली. निवृत्तीला मिळालेली शाल घडी घालून कपाटात ठेवली आणि लगेच ब्लॉग सुरू केला. विषय एकच, शेळ्या. महिनाभरात हौस फिटेल असं आम्हाला वाटलं होतं. आता येणारे-जाणारे पाहुणे आधी ब्लॉगची खुशाली विचारतात, मग मामांची.

मी शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा लेखन मलाच कळतं या समजुतीत मी एकदा त्यांच्या लेखाला ‘मूक वेदनेचा हुंकार’ असं नाव सुचवलं. मामांनी ते मन लावून ऐकलं आणि ‘शेळी चारा खात नसेल तर काय बघावं’ असं नाव दिलं. म्हणाले, “जावईबापू, शेळी आजारी पडल्यावर माणूस हुंकार शोधत न्हाय.” मला पटलं, आजही तोच लेख सगळ्यात जास्त वाचला जातो. फोटो ते स्वतःच काढतात आणि इतके लहान करून टाकतात की मोबाइलला जेमतेम रेंज असली तरी पान उघडावं. तेवढ्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक नवा लेख घेऊन गावाबाहेरच्या ओढ्यात उतरतात, कारण तिथं रेंज सगळ्यात वाईट. तिथं उघडला तरच लेख पास. प्रत्येक लेखाची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक वहीत, शाईनं. पेन ड्राइव्ह इंजेक्शनच्या सुया उकळायच्या जुन्या स्टीलच्या डब्यात असतो. प्रतिक्रियांना उत्तर दिल्याशिवाय ते जेवत नाहीत. कुणीतरी नुसतं ‘नाइस’ लिहिलं, तर मामांनी खाली विचारलं होतं, ‘नेमके काय नाइस वाटले ते कळवावे.’

लेख ते बोलून लिहितात, मोबाइल ते टाइप करतो. मोबाइलला आमच्याकडची बोली नीट कळत नाही, म्हणून लिहिलेला लेख दोन दिवस तसाच ठेवायचा, मग मोठ्यानं वाचायचा आणि मगच टाकायचा, हा त्यांचा नेम. तो एकदाच मोडला. आमच्या नातीच्या बारशाला धाराशिवला यायचं होतं, त्या घाईत मामांनी करडाच्या पोटफुगीवरचा लेख न वाचताच टाकला.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ते प्रतिक्रिया बघत होते. एकदम कप खाली ठेवला. ‘पाव चमचा खायचा सोडा’ असं ते बोलले होते आणि मोबाइलनं ‘पाच चमचा’ टाइप केलं होतं. खाली येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘आमच्या करडाचं पोट फुगलंय. सोडा आणून देते.’ फोन नंबर नव्हता. मामांनी लेख तिथल्या तिथं दुरुस्त केला, बाईंच्या प्रतिक्रियेखाली उत्तर टाकलं आणि चप्पल घातली. त्या उत्तर बघतीलच की, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, “आन न्हाय बघितलं तर? गाडी काढा.”

येरमाळ्यापर्यंत मोटारसायकलवर माझ्यामागं बसून मामा बाईंचं उत्तर आलं का ते मोबाइलवर बघत होते. हायवेवरच्या दुकानात बाईंचं नाव सांगून वस्तीची वाट विचारली. अंगणात शिरलो तर मधल्या वयाच्या एक बाई करडाचं पोट चोळत बसल्या होत्या. मामांनी नावसुद्धा सांगितलं नाही. विचारलं, “सोडा किती दिला?”

बाईंनी वर बघितलं. “चिमटभर. पाच चमचे लिव्हलं व्हतं, पण ते मामांचं वाटंना. मामा कधीच लई औषध सांगत न्हाईत.”

मामा तिथंच ओट्यावर टेकले. मग त्यांनी सांगितलं, मीच तो, आणि चूक माझी. बाईंनी पदर सावरला, चहा टाकला, आणि तो होईपर्यंत आपल्या बाकीच्या शेळ्यांच्या तक्रारी सांगून घेतल्या. करडू दुपारपर्यंत उड्या मारायला लागलं. तो लेख मामांनी काढून टाकला नाही. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘या लेखात माझ्याकडून चूक झाली होती,’ आणि काय चुकलं तेही. तेव्हापासून कुठलाही लेख टाकण्याआधी ते मला फोनवर वाचून दाखवतात.

गेल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो, तर त्यांनी ब्लॉगचा पासवर्ड माझ्याकडून वहीत लिहून घेतला आणि एक प्रत माझ्या खिशात घातली. म्हणाले, “माझ्यामागं नवं न्हाय लिव्हलं तरी चालंल. पण कुणी इचारलं तर उत्तर द्या.”

मला शेळ्यांतलं काही कळत नाही, असं मी म्हणालो.

“मग माहीत न्हाय म्हणून लिव्हायचं. म्हंजी माणूस वाट बघत बसत न्हाय.”

त्यांच्या डोळ्यावर अजून पट्टी आहे, म्हणून परवा पहिल्यांदा मी उत्तर दिलं. ढोकीकडच्या एका माणसानं शेळीच्या खुराबद्दल विचारलं होतं. मी लिहिलं, ‘मला माहीत नाही. मामांना विचारून सांगतो.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मामांना फोन लावला.