डॉक्टरसाहेबांचे नकार

डॉ. कियूमर्स फरहमंद हे थोर तत्त्वज्ञ आहेत, हे अख्ख्या तेहरानात एकाच माणसाला मान्य नव्हतं. तो माणूस म्हणजे त्यांची बायको सूदाबे. नम्रतेवर त्यांनी उशीएवढा जाड ग्रंथ लिहिला होता आणि त्याच्या जोरावर ते देशोदेशी इराणचे सांस्कृतिक दूत म्हणून मिरवून आले होते. तिथे केलं काय, तर फिती कापल्या, डाळिंबं वाटली आणि जातील तिथे तेच एक भाषण ठोकलं.

प्रत्येक नेमणुकीआधी ते रीतीप्रमाणे आढेवेढे घेत. "मी कुठला लायक? आपल्या पायाची धूळ मी!" मग मंत्री आग्रह करत, हे पुन्हा नाही म्हणत आणि तिसऱ्या आग्रहाला मोठ्या जड मनाने होकार देत. बॅगा मात्र आधीच भरलेल्या असत.

या खेपेला व्हिएन्नासाठी फोन आला. उपमंत्री नवा होता, तरुण होता.

"मी कुठला लायक? एखाद्या तरुणाला पाठवा," डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणाले.

"जशी आपली इच्छा, उस्ताद," म्हणत त्याने फोन ठेवून दिला.

डॉक्टर फोनकडे बघतच राहिले. "पुन्हा करेल. काही रीतभात असते की नाही!"

"करेल हो," सूदाबे म्हणाली. "तोवर बॅगा रिकाम्या करा, मला कपाट लावायचंय." तिने चहाचा पेला पुढे केला. "घेता?"

"नको, नको, कशाला त्रास," सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"बरं," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोर बसून तिने तो चहा स्वतःच पिऊन टाकला.