गौतम कुवेतला गेला, मी सौसरातच राहिलो

माणूस गाव सोडून गेला की त्याच्या गोष्टी गावात जमा व्हायला लागतात. मी सौसर सोडलं नाही, म्हणून माझी एकही गोष्ट कोणाला माहीत नाही. आणि गौतमच्या इतक्या साचल्या, की त्या सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं! आधीच सांगून ठेवतो, त्या वर्षांत मी त्याच्यावर फार जळत होतो. तेव्हा थोडं इकडंतिकडं झालं तर समजून घ्या.

आम्ही दोघं मध्य प्रदेशातल्या, पण मराठी बोलणाऱ्या या सौसरात एकाच वेल्डिंगच्या दुकानात कामाला होतो. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, मोडलेले नांगर. गौतम मोहगावचा, सायकलनं यायचा.

*

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. कुवेतला वेल्डर पाहिजेत म्हणून नागपूरला टेस्ट होती. दोघंही गेलो. पाइप जोडायला दिला. मग त्यात पाणी भरून पाहिलं. गौतमच्या जोडातून एक थेंब आला, माझा कोरडाठाक! मी खूश.

साहेबांनी मला विचारलं, “कधी निघू शकाल?”

“साहेब, घरी इचारून सांगतो.”

मग गौतमला विचारलं. त्यानं पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “साहेब, बॅग बाहेरच ठेवली हाय.”

पाइप माझा कोरडा राहिला, अन् विमानात तो बसला!

*

त्याच्या आईला, वत्सलामावशीला, वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ती मोहगावहून थेट दुकानात यायची. “प्रल्हाद, वाच ना बापा.”

पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं : ‘आई, दोन महिने झाले, पण कुवेतचा माणूस अजून जवळून पाहिला नाही. चहावाला केरळचा, न्हावी पाकिस्तानचा, मुकादम इजिप्तचा. खोलीत आम्ही आठ जण, त्यात पाच केरळचे. सारे माझ्यासारखेच कामाला आलेले.’

मावशी म्हणाली, “मंग तो देश हाय कोनाचा?”

मी म्हटलं, “ज्याचा हाय तो एसीत बसला असंन, मावशी.”

पुढं लिहिलं होतं : ‘इथं मला सारे उस्ताद म्हणतात. प्रल्हाद असता तर मजा आली असती. त्याच्यासारखा हात इथं कोणाचा नाही.’ ते मी वाचलंच नाही. कोणत्या तोंडानं वाचू? पत्राची घडी केली.

“एवढंच? कागद तं भरून हाय.”

“अक्षर मोठं हाय त्याचं, मावशी.”

आठवड्यानं ती पुन्हा आली. “प्रल्हाद, काल मास्तरनं वाचलं तं पत्र लय लांब झालं बा!” एवढंच बोलली अन् पिशवीतली चार संत्री माझ्यासमोर ठेवून गेली. ती संत्री दोन दिवस तिथंच पडून होती. माझ्याच्यानं खाववली नाहीत.

*

इकडं सौसरजवळ बोरगावला कारखाने उभे राहून राहिले होते. मला वाटलं, चला, कुवेतच आपल्या दारात आलं! अर्ज घेऊन गेलो. गेटवर बिहारचा सुपरवायझर.

“कहाँ के हो?”

“यहीं का.”

“यहीं वाले नहीं चलेंगे भाई. पोला आया, घर गए. शादी आई, घर गए.”

मी चिडलो. “तो आप घर नहीं जाते?”

तो हसला. “जाना तो है. दो साल से टिकट निकाल रहा हूँ.”

मी अर्ज खिशात घातला अन् सायकल वळवली. परत येताना वाटलं, गौतम तिकडं परका म्हणून चालतो, अन् मी घरचा म्हणून इकडं चालत नाही. हा कुठला न्याय?

*

तीन वर्षांनी गौतम सुट्टीवर आला. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर मीच आणायला गेलो. खांद्यावर टू-इन-वन रेडिओ, दोन्ही हातांत बॅगा, अंगाला अत्तराचा वास. सायकलवर त्याला अन् त्या बॅगांना बसवणार कसं? शेवटी त्यानं जीप केली, अन् मी मागून सायकल मारत आलो!

दुसऱ्या दिवशी तो वावरात गेला. बैल अडून उभे. सवयीनं त्याच्या तोंडून तिकडचं अरबी ‘चला’ निघालं, “यल्ला!” अन् बैल चालले ना बाप्पा! आठ दिवसांत सारं मोहगाव बैलांना यल्ला म्हणून राहिलं होतं.

मीही एकदा एकटा असताना त्याच बैलांना म्हणून पाहिलं. एकानं शेपटी हलवली, बस.

*

त्याच सुट्टीत दुकानात पत्र्यानं माझा हात कापला. गौतम मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथं केरळच्या एक सिस्टर होत्या. आठ वर्षं सौसरात. मराठी येत होती, पण आमच्यापर्यंत फक्त हुकूम यायचे : “बस. वळ. ऊठ. जा.” त्यांच्यापुढं पैलवानही गप!

सिस्टर धनुर्वाताची सुई भरत होत्या. गौतम सहज त्यांच्या मल्याळममध्ये म्हणाला, “ऊणु कळिच्चो?”

सिस्टरचा हात थांबला. सुई ट्रेमध्ये ठेवली. स्टूल ओढून बसल्या, अन् दोघं बोलायला लागले. अर्धा तास! सिस्टर हसत होत्या, मधेच पदरानं डोळे पुसत होत्या. मी बाजूला उभा, एका हातानं पँट धरून.

शेवटी गौतमच्या कानाला लागलो. “काय म्हटलं बे तू त्यायले?”

“काही नाही. जेवन झालं का म्हून इचारलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

माझ्या अंगाची नुसती आग झाली. एवढं तर मलाही येत होतं! त्यासाठी कुवेतला कशाला जायला पाहिजे? मी सरळ सिस्टरपुढं जाऊन उभा राहिलो अन् म्हटलं, “सिस्टर, जेवन झालं का?”

सिस्टरनं सुई उचलली अन् अस्सल आमच्या बोलीत म्हणाल्या, “आठ वर्षांनी आता इचारून रायला का, भाऊ?”