पळसाची साखर आणि मामांची

प्राध्यापकांनी संशोधनासाठी मला पळसाचं फूल दिलं, तेव्हा मी जरा हिरमुसलोच. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं. वऱ्हाडातून नागपूरला एम.एस्सी. करायला गेलेल्या मुलाला वाटायचं, आपल्या वाट्याला निदान हिमालयातलं एखादं झाड यावं. पळस तर आमच्या उंद्रीच्या शिवारात इतका होता की बकऱ्यासुद्धा त्याला भाव देत नसत.

विषय समजायला सोपा होता. फुलांतली पिवळी द्रव्यं बहुधा साखरेला चिकटून असतात आणि त्यामुळे पाण्यात उतरतात. काही थोडी मात्र साखरेवाचून सडीफटिंग राहतात. ती पाणी सोडून ईथरमध्ये जातात. पळसात अशी बिनसाखरेची द्रव्यं आहेत का, आणि असली तर कोणती, एवढं मी शोधायचं होतं.

उंद्रीला माझे मामा होते. माझं शिक्षण त्यांनीच केलं होतं. मी त्यांना पत्र टाकलं : ‘फुलातून साखर नसलेलं द्रव्य काढायचं आहे. बहराच्या दिवसांत महिनाभर येतो.’ मामांना दोन वर्षांपासून मधुमेह होता, ही गोष्ट पत्र लिहिताना माझ्या डोक्यात नव्हती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांना गोड बंद करायला सांगितलं होतं, तेव्हा मामांनी डॉक्टर बंद केला होता.

खामगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं काचसामान मांडीवर घेऊन मी पोचलो. पाहतो तर मामांनी वाळ्याच्या ताट्या लावलेली आपली दुपारची झोपायची गार खोली माझ्यासाठी रिकामी केलेली. मला गहिवरून आलं. ईथरला ती खोली हवीच होती. फाल्गुनातल्या उन्हात बाटलीचं बूच काढलं की ते आमच्याआधी घर सोडून जायचं.

जेवताना मामांनी विचारलं, “मंग, मले कधी देतो?”

“काय मामा?”

“ते बिनसाखरेचं. पत्रात लिहिलं व्हतं ना तुनं.”

मी घास खाली ठेवला. “मामा, ती साखर फुलातली आहे. तुमची नाही.”

“साखर साखरच राह्यते बे. फुलातली काढता येते, तं माह्यातली काऊन नाही?”

नागपूरला आजवर कुणी हा प्रश्न इतका सरळ विचारलाच नव्हता.

मामीनं वाढताना सगळं ऐकलं. नंतर परसात मला गाठून ती म्हणाली, “त्याईले नाही म्हणू नको. म्हण, औषध तयार होऊन राह्यलं. पण तोवर पथ्य पाळा लागते.”

“मामी, हे खोटं होईल.”

“दोन वर्स झाले, मी खरं सांगून राह्यली. काय उपेग झाला?”

मी तीनदा वर्गात पहिला आलेला मुलगा, पण मामीपुढे माझं काही चाललं नाही. रात्रीच मी मामांना गंभीर चेहऱ्यानं पथ्य सांगितलं. चहात गूळ नाही. होळीची पुरणपोळी नाही. जेवायला ज्वारीची भाकर आणि पालेभाजी. शिवाय फुलं रोग्यानं स्वतः, पहाटे, पायी जाऊन वेचलेली हवीत. हे शेवटचं माझ्या पदरचं. मला पहाटे उठायचा कंटाळा होता.

मामा दुसऱ्या दिवसापासून शिवार तुडवू लागले. गडी असताना स्वतः टोपली घेऊन निघालेला माणूस पाहून लोक विचारायचे. मामा सांगायचे, “भाचा औषध काढून राह्यला.”

माझ्याजवळ साखर तपासायचं निळं द्रावण होतं. साखर असलेल्या पदार्थाबरोबर उकळलं की ते विटकरी होतं. खरं तर ते फुलाच्या अर्कासाठी आणलं होतं, पण पहिला मान मामांच्या लघवीला मिळाला. नळी स्टोव्हवर धरली, तर अशी लाल झाली की मामाच म्हणाले, “बाप रे, हे तं विटाची भट्टी झाली.” त्यानंतर चहातल्या गुळाचं नाव त्यांनी काढलं नाही.

माझंही काम चाललं होतं. अर्क ईथरबरोबर हलवायचा, वरचा थर वेगळा करायचा, ईथर उडवून टाकायचं. तळाशी पिवळी भुकटी राहायची. तिच्यात मॅग्नेशियम आणि आम्ल टाकलं तर नेहमीच्या पिवळ्या द्रव्यांसारखा लाल रंग येईना, पण अल्कली टाकली की झक्क केशरी व्हायची. आम्लात उकळून पाहिलं. पाण्यात साखर उतरली नाही. म्हणजे बिनसाखरेचं! आणि थोडंथोडकं नाही, चांगलं वाटीभर. मी हवेतच होतो.

तिसऱ्या आठवड्यात मामांची नळी हिरवट राहिली. निघायच्या दिवशी ती निळीच राहिली. त्या नळीकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी प्रबंधात लिहिलं नाही.

नागपूरला प्राध्यापकांनी भुकटी पाहिली, तपासण्या ऐकल्या आणि एकच विचारलं, “फुलं तोडल्यावर कुठे ठेवायचास?”

“टोपल्यांत. वाळ्याच्या ओल्या ताट्यांजवळ. ताजी राहावीत म्हणून.”

“किती वेळ?”

“दोन दिवस, कधी तीन.”

ते हसले. फूल ओलसर राहून कोमेजू लागलं की त्याच्यातलीच पाचकद्रव्यं साखर तोडून वेगळी करतात, हे त्यांनी मला नीट समजावलं. “तू फुलातलं शोधलं नाहीस. टोपलीतलं शोधलंस.”

पुढच्या बहरात अबकारी खात्याचा परवाना काढून मी स्पिरिट घेऊन गेलो आणि पाचकद्रव्यांना साखर तोडायला वेळच मिळू नये म्हणून झाडाखालीच ते उकळून त्यात ताजी फुलं टाकली. बिनसाखरेचं द्रव्य निघालं ते नखभर. प्रबंध त्या नखभरावर झाला.

मामांचं औषध मात्र गाजलं. मामी त्यांना रोज सकाळी पळसाच्या फुलांचं साधं पाणी पेलाभर द्यायची आणि मामा ते डोळे मिटून घ्यायचे. धाड गावापासून दुसरबीडपर्यंतचे लोक बाटल्या घेऊन यायला लागले. मी सुट्टीत आलो की ओटीवर चार रोगी बसलेलेच. मी त्यांना फक्त पथ्य सांगायचो. बहुतेक जण नाराज होऊन परत जायचे.

शेवटी मला राहवेना. एका पहाटे मामांबरोबर शिवारात गेलो असताना मी सांगून टाकलं, “मामा, त्या पाण्यात औषध काही नाही. तुम्ही पथ्यानं बरे झालात. ते मामीनं ठरवलं होतं.”

मामा चालत राहिले. मग म्हणाले, “मले माहीत हाय.”

“कधीपासून?”

“पयल्या दिवसापासून. परसातलं बोलणं माजघरात आयकू येते बे.”

“मग काही बोलला नाहीत?”

“बायकोनं सांगतलं म्हणून गूळ सोडला, असं चावडीवर सांगू काय? भाच्याच्या विद्येनं सोडला म्हटलं, तं लोक मान देतात.” आणि वर म्हणाले, “तिले मात्र सांगजो नको, की मले माहीत हाय.”

मी मामीला सांगितलं नाही. मामांना माहीत आहे का, हे तिनं मला कधी विचारलंही नाही.