वहीतले अठरा अंश

प्रिय ओजस आणि ईरा,

मी तीस वर्षे नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवले. वर्गात भुताखेतांचा विषय निघाला की मी एकच विचारत असे, "मोजलं का?" म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो... पण हे मी मोजले आहे.

माझी भाची सुजाता अर्धापूरला सासरी असते. तिच्या सासऱ्यांची, तात्यांची, केळी पिकवायची खोली आहे. कच्चा माल चार दिवस अठरा अंशांवर ठेवायचा. या एप्रिलात तिने तिथे तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला. कूलर चालू-बंद करणे हे त्याचे काम. कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली म्हणजे लिनक्स; नेहमीचे भरगच्च लिनक्स त्या छोट्या बोर्डाला झेपेना. चार-पाच प्रकार तपासून तिने एक अगदी छोटे निवडले आणि आपल्या लॅपटॉपवर बोर्डासाठी कंपाइल केले, म्हणजे बोर्डावर चालेल अशी फाइल तयार केली. बोर्डाचा प्रोसेसर वेगळा — लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोग्रॅम त्यावर चालूच शकत नाही.

"बाई, ह्या डबीला केळ्यातलं काय कळून राहिलंय?" तात्यांनी मला विचारले.

"डबी न्हाई तात्या, कॉम्प्युटर हाय तो," सुजाता म्हणाली.

"हाव? मग विचार त्याला, माल पिवळा होईल का काळा. काळा झाला तर डबी काढायची, अन् परत माझ्या खोलीत हात घालायचा न्हाई."

"काढीन."

मी चारही दिवस तिथेच होते. दाराच्या काचेतून थर्मामीटर दिसे. सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहिला : सात वेळा अठरा, एकदा साडेअठरा. कूलर लागल्याचा, थांबल्याचा आवाज येई.

पाचव्या दिवशी माल एकसारखा पिवळा. तात्यांनी एक केळे सोलून खाल्ले. "राहू दे डबी," म्हणाले.

दुपारी सुजाताने नोंदी बघायला बोर्डातले मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावले. एकही नोंद नव्हती. मग तिने कार्डावरची फाइल तपासली.

"मावशी, मी चुकीची फाइल टाकली होती गं. चाचणीला बनवलेली, फक्त लॅपटॉपवर चालणारी."

माझ्यासमोर तिने ती बोर्डावर दहा वेळा चालवून पाहिली. दहाही वेळा बोर्डाने नकार दिला.

तुमच्या शंका मला ठाऊक आहेत. कार्ड नवे कोरे करकरीत होते, त्यावर आधीचा कुठला प्रोग्रॅम उरलेला नव्हता. कूलर अडकून चालूच राहिला असता तर थंडीने केळी काळवंडली असती. कूलर हाताने चालवायचे बटण वायरमनने आधीच काढले होते. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

सुजाताने योग्य फाइल टाकली आणि तात्यांनाही खरे सांगितले.

"मग चार दिवस कोणी सांभाळलं?"

"माहीत न्हाई, तात्या."

ते खोलीकडे बघत म्हणाले, "बरं. त्याला बी राहू दे."

ते जुने कार्ड मी मागून घेतले. पाकिटावर लिहिले आहे : 'चालू शकत नाही. चालली.' वहीत आकड्यांशेजारी 'कारण' असा रकाना आखला होता. तो अजून कोरा आहे.

— आजी