कृष्णाआत्या, मंडईतली वांगी आणि माझं लायसन्स

परवा हडपसरला इंटरव्ह्यूला गेले आणि समोरच्या स्क्रीनवर आमची कृष्णाआत्या अवतरली. म्हणजे आत्या नाही, तिच्यावरचं वाक्य...

कंपनीचे डायरेक्टर त्यांचं नवं सॉफ्टवेअर कौतुकाने दाखवत होते. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं. त्यांनी 'नमुना' दाबलं आणि उमटलं, 'कृष्णाआत्याचा मंडईतल्या वांग्यांवर विश्वास नाही.'

हे वाक्य माझं. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या घरी बसून मी असंच सॉफ्टवेअर लिहिलं, नेटवर सगळ्यांसाठी ठेवलं आणि जोडाक्षरं तपासायला हे वाक्य घातलं. या लोकांनी माझं नाव काढलं, लायसन्स काढलं... आत्याला काढायचं विसरले.

मी सांगितलं, कोड माझा आहे आणि लायसन्स कॉपीलेफ्ट आहे. वापरा, बदला, खुशाल विका. पण दुसऱ्याला द्याल तेव्हा तुमच्या बदलांसकट कोडही द्यायचा, याच अटींवर.

साहेब जराही वरमले नाहीत. म्हणाले, लायसन्स बदलून परमिसिव्ह करा, म्हणजे कोड द्यायची अट नसलेलं. मग तुमचं नाव कोपऱ्यात टाकू, कोड आम्ही बंद ठेवू आणि तुम्ही सोमवारी जॉइन व्हा.

नोकरी हवी होती, खोटं कशाला बोलू... जुनी कंपनी बंद पडल्यापासून घरीच आहे. परमिसिव्हही वाईट नाही, अनेकजण ते आपखुशीने निवडतात. मी निवडलं नव्हतं.

शिवाय कोड माझ्या एकटीचा नाही. निम्म्या दुरुस्त्या मांजरी गावात डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या सोपानदादांच्या, म्हणजे लायसन्स बदलायला त्यांचीही संमती हवी. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

सगळं ऐकून दादा एवढंच म्हणाले, "ताई, आपलं फुकट हाय, बेवारस न्हाय."

मी पर्स उचलली आणि म्हटलं, "अहो, ऐकलंत ना? कोड खुला करा, नाहीतर आमचा भाग काढून टाका."

नोकरी अर्थातच गेली. घरी येईपर्यंत राग होता आणि थोडी भीतीही. पण वाईट वाटलं नाही.

सोपानदादा, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. आणि नमुन्याचं वाक्य मी बदलणार नाहीये... आत्या तिथेच बसून राहील, पुढच्याला पकडायला.