वहिनींच्या गाडीतली टकटक

सैन्यातली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडे, डोंगरात, एका युनिटच्या वर्कशॉपमध्ये होती. रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. लोक विचारतात, बंदूक किती वेळा चालवली. फायरिंग रेंजवर चालवावी लागली तेवढीच. बाकी सगळी नोकरी हातात पाना होता.

पाचला फॉल-इन, म्हणजे हजेरी. सव्वापाचला कॉन्व्हॉयला जाणाऱ्या गाड्यांची तपासणी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, लाइट. रजिस्टरवर आधी माझी सही, मग ड्रायव्हरची. सही नसलेली गाडी गेटबाहेर पडत नसे.

त्या युनिटमध्ये नायक शंकर शेडगे ड्रायव्हर होता. तो कोळवणचा, मी पौडचा. मुळशी तालुक्याचे आम्ही दोघंच. एका सकाळी त्याची गाडी नाल्यात गेली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं, पावसाने रस्त्याची कड खचली. त्याचं पार्थिव घरी घेऊन येणाऱ्यांत मी होतो.

निवृत्त झाल्यावर मी पौडला एसटी स्टँडच्या मागे पत्र्याचं शेड टाकलं आणि मोटारसायकली दुरुस्त करू लागलो. हवालदार असलो तरी इकडे सगळे मला मेजर म्हणतात. शंकरच्या बायकोला, शोभाला, मी वहिनी म्हणतो. त्या लवळ्याला एका हॉस्टेलच्या मेसमध्ये कामाला आहेत. कोळवण ते लवळे त्या रोज मोटारसायकलवर जातात. त्या गाडीचं काम पहिल्यापासून माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सव्वानऊला त्या शेडवर आल्या.

"दादा, गाडी टकटक करतीया. तीन दिस झालं."

"चालताना, का उभी असताना?"

"चालताना. सारखी न्हाई, मधीच. उतारावर लई येतो आवाज."

आवाज शोधताना अंदाज करायचा नाही, एकेक शक्यता बाद करायची, असं आम्हाला शिकवलं होतं. गाडी स्टँडवर लावून इंजिन चालू केलं. आवाज नाही. मागचं चाक फिरवलं, चेन पाहिली. आवाज नाही. मग गाडी घेऊन उतारावर गेलो आणि इंजिन बंद करून तशीच सोडली. शांत. पुढचा ब्रेक दाबला. टक्. सोडला. टक्.

म्हणजे इंजिनचा काही संबंध नव्हता. रस्त्याच्या कडेला बसलो, ब्रेक दाबून धरला आणि गाडी पुढेमागे हलवली. पुढच्या चाकाची डिस्क पकडणारा कॅलिपर जागेवर हलत होता. तो दोन बोल्टांवर बसतो. वरचा ढिला झाला होता. खालचा नव्हताच.

भोकात बोट घालून पाहिलं. आटे स्वच्छ. बोल्ट तुटला असता तर तुकडा आत राहिला असता. मला वाटलं, हा कुणीतरी काढलेला आहे.

शेडवर परत येऊन वहिनींना विचारलं, "गाडी घरी कुठं लावता?"

"अंगनात. किसन भावजींचा ट्रॅक्टर बी तितंच असतोय."

किसन म्हणजे शंकरचा धाकटा भाऊ. कोळवणचं भाताचं रान दोघांच्या नावावर. पुण्याच्या कुणाला तरी ते फार्महाउससाठी हवं होतं. किसनला विकायचं होतं, वहिनी सही देत नव्हत्या. वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं.

"गाडीजवळ कुणाला पाहिलं का?"

"रविवारी संध्याकाळी भावजी चाकापाशी बसले व्हते. बॅटरी घेऊन. मी बाहेर आले तर उठून गेले."

मला तेवढं पुरलं. वहिनींना लवळ्याच्या रिक्षात बसवलं आणि साडेअकराला कोळवण गाठलं.

किसन खळ्यावर भात झोडत होता.

"रविवारी वहिनींच्या गाडीशी काय करत होतास?"

"बगत हुतो."

"काय?"

"आवाज येत हुता, म्हनून."

"पाना होता हातात?"

त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. "मेजर, सरळ बोला."

"ब्रेकचा बोल्ट काढलाय कुणीतरी. लवळ्याच्या उतारावर वहिनी गेल्या असत्या."

तो म्हणाला, "आमचं बोलनं बंद हाय. म्हनून म्या वहिनींच्या पोरीला सांगितलं, आईला म्हनावं गाडी दाखव. तवा वहिनी तुमच्याकडं आल्या."

मला ते खरं वाटलं नाही.

"आता म्या इचारतो," किसन म्हणाला. "शंकरदादाची गाडी त्या दिवशी कुनी तपासली हुती? एवढ्या वर्सांत आमी कदी तुमाला इचारलं का?"

मी गाडीला किक मारून निघालो. वाटेत मनाशी म्हणत होतो, विषय बदलतोय. चोराला विषय बदलावाच लागतो.

चार वाजता वहिनींच्या गाडीचं काम हातात घेतलं. तसा बोल्ट माझ्याकडे सुटा नव्हता. जुन्या बोल्टांत शोधला, नाही मिळाला. पार्ट धुवायचा रॉकेलचा डबा उपडा केला. तळाच्या गाळात एक बोल्ट होता. पुसून भोकात लावला. तीन बोटांनी सरळ आत गेला.

नऊ दिवसांपूर्वी याच गाडीचे ब्रेक पॅड मी बदलले होते. कॅलिपर काढला, बोल्ट धुवायला टाकले. मधेच एक टेम्पोवाला बोलवायला आला, त्याचा टेम्पो रस्त्यात बंद पडला होता. परत आल्यावर वरचा बोल्ट आवळला असणार आणि काम झालं असं समजलो असणार. हे मला आठवलं असं म्हणणार नाही. बोल्ट हातात होता, म्हणून मानावं लागलं.

दोन्ही बोल्ट आवळले. उतारावर तीनदा ब्रेक दाबून पाहिला. आवाज नाही.

साडेपाचला गाडी घेऊन कोळवणला गेलो. वहिनी घरी आल्या होत्या. किसनला अंगणात बोलावलं आणि दोघांसमोर उभा राहून सांगितलं, "बोल्ट मी विसरलो होतो. किसनवर मी खोटा आळ घेतला. चूक माझी."

"बरं," किसन म्हणाला.

एवढ्यावर मी निघू शकत होतो. निघालो नाही.

"तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. शंकरची गाडी मीच तपासली होती."

वहिनी ओट्यावर बसल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

त्या सकाळी पाच गाड्या होत्या. पावसात बर्फ मिसळलेला होता. चार गाड्यांच्या खाली झोपून मी स्टिअरिंगचे सांधे हाताने हलवून पाहिले. तपासायला शंकरची गाडी शेवटची, कॉन्व्हॉयमध्ये तिचा नंबर तीन. तो इंजिन चालू करून बसला होता. म्हणाला, "उस्ताद, कालच बगितलीया की तुमी. चिखलात कशाला झोपता? उशीर होतोय." मी वरूनच टॉर्च मारला आणि सही केली. पाच पन्नासला कॉन्व्हॉय निघाला.

सात चाळीसला रेडिओवर कॉल आला.

"थ्री नंबर गाडी नीचे गयी है. ओव्हर."

"से अगेन. ओव्हर."

"थ्री नंबर. नाले में. ओव्हर."

मी रिकव्हरी पार्टीबरोबर गेलो. रस्त्याची कड खचलेली मी डोळ्यांनी पाहिली. माणसं दोरांनी वर आणली. गाडी काढता आली नाही. पाणी वाढलं आणि दोन दिवसांत ती दिसेनाशी झाली. इन्क्वायरीत मला विचारलं, गाडी तपासली होती? मी म्हणालो, येस सर. खाली झोपून तपासली का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आधी कड खचली की आधी स्टिअरिंग सुटलं, हे मला माहीत नाही. कधी कळणारही नाही.

वहिनींनी विचारलं, "उशीर होतोय, असं म्हनले?"

"हो."

"घरी बी तेच म्हनायचे." त्या उठून आत गेल्या.

किसनने ट्रॅक्टरच्या पेटीतून पाना आणला. "कुटले बोल्ट, दाखवा." मी दाखवले. त्याने दोन्हींवर पाना लावून जोर देऊन पाहिला, आणि दाराशी जाऊन म्हणाला, "वहिनी, गाडी नीट हाय. चालवा उद्या."

वर्षभरात तो त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलला. त्या अजून गाडी माझ्याकडेच आणतात. मी काम केलं की किसन घरी प्रत्येक बोल्ट तपासतो. मला त्याचा राग येत नाही.

शंकरबरोबर त्या गाडीत आणखी दोन जवान गेले. सिपाही बलदेव सिंग, वय तेवीस. सिपाही मुरुगन, वय वीस, युनिटमध्ये येऊन त्याला चारच महिने झाले होते. त्यांच्या घरून मला विचारायला कुणी आलेलं नाही. ती माणसं मला ओळखतसुद्धा नाहीत. दोघांच्या गावचे पत्ते मिळवले आहेत. बलदेवच्या वडिलांना पत्र लिहून झालं, मी गाडीखाली झोपलो नव्हतो हेही त्यात लिहिलं. मुरुगनच्या आईला मराठी किंवा हिंदी येत नसेल, म्हणून तमिळ लिहिणारं माणूस शोधतो आहे.